छर्‍यांच्या बंदुकीतील गोळी

चंडीगड शहराला लागून, शिवालिकच्या पायथ्याकडे सरकत गेलेल्या सपाटीवर मुल्लानपूर गरीबदास हे गाव आहे. पंजाबच्या मोहाली जिल्ह्यातील खरड तालुक्यात ते मोडते. एका अंगाला सिसवांचे झाडीने भरलेले डोंगर, दुसर्‍या अंगाला गहू-मक्याची शेती, आणि मधूनमधून डोंगरातून उतरणारे ओढे. हे ओढे पावसाळ्यात धो धो वाहतात व एरवी गोल गोटे उघडे टाकून कोरडे पडतात. तिकडच्या बोलीत त्यांना ‘चो’ म्हणतात. अलीकडच्या काळात याच परिसरात ‘न्यू चंडीगड’ या नावाने नवी वसाहत उभी राहिली. रुंद रस्ते झाले, इमारती आल्या, महाराजा यादविंद्रसिंग यांच्या नावाचे क्रिकेटचे भव्य मैदान झाले आणि २०२४ साली तेथे आयपीएलचे सामनेही खेळले गेले. परिणामी जंगल, शेत आणि नगर या तीन गोष्टी एकमेकींच्या अगदी जवळ आल्या आहेत. बंदुकीविषयी विचार करताना ही जवळीक ध्यानात ठेवावी लागते. कारण बंदुकीची गोळी शेताची हद्द ओळखत नाही.

शिवालिकच्या पायथ्याच्या पट्ट्यात रानडुक्कर आणि नीलगाय ही जनावरे पिकांची नासाडी करतात. विदर्भातील शेतकरी ज्याला रोही म्हणतो तीच ही नीलगाय. आणि कोकणातील शेतकर्‍याला रानडुकराची ओळख करून देण्याची गरज नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये वन्य प्राण्याची शिकार निषिद्ध आहे. तथापि त्याच अधिनियमाच्या अकराव्या कलमात एक वाट ठेवलेली आहे. दुसर्‍या अनुसूचीतील एखादे जनावर मनुष्याच्या जीविताला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक झाले असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक अथवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी, कारणे नमूद करून, लेखी परवानगी देऊ शकतो. ही परवानगी हाती आल्यावर जी बंदूक बाहेर निघते ती बहुधा १२ बोअरची असते आणि तिच्यात पूर्वी छर्‍यांचीच काडतुसे भरली जात असतात. बारीक छर्‍याने रानडुक्कर मरत नाही, जखमी होते; आणि जखमी डुक्कर हे मनुष्याच्या दृष्टीने धडधाकट डुकरापेक्षा अधिक भयंकर. म्हणून छर्‍यांच्या जागी एकच एकसंध गोळी असलेले काडतूस भरण्याचा विचार पुढे येतो. या गोळीला इंग्रजीच्या अनुकरणाने ‘स्लग’ म्हणतात व भारतातील बंदूकवालेही तोच शब्द वापरतात.

बंदूक तीच, खांदा तोच, चापही तोच. मात्र काडतूस बदलताच ते शस्त्र दुसरेच होते. ही गोष्ट जितकी साधी तितकीच दुर्लक्षित आहे. छर्‍यांच्या बंदुकीने ज्याला वर्षानुवर्षे सवय लावलेली असते, त्याचे सारे अंदाज स्लगच्या बाबतीत चुकतात. अंतराचा अंदाज चुकतो, नळीच्या ताकदीचा चुकतो, निशाणामागे काय आहे याचाही चुकतो.

प्रथम ‘बोअर’ या शब्दाचा अर्थ पाहणे इष्ट. नळीच्या आतल्या व्यासाइतक्या शिशाच्या बारा गोल गोळ्यांचे वजन एक पौंड भरत असेल तर ती नळी १२ बोअरची. त्या हिशेबाने आतील व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर येतो, आणि एका गोळीचे वजन ३७ ते ३८ ग्रॅम. म्हणजे या मापाच्या व्याख्येतच एकसंध गोळी दडलेली आहे. छर्रे हा नंतरचा विचार. वीस बोअरची नळी त्याहून अरुंद, कारण पौंडात वीस गोळ्या बसवायच्या तर प्रत्येक गोळी लहान व्हावी लागते. आकडा वाढला की नळी अरुंद होते, हे उलटे गणित नवशिक्याला गोंधळात पाडते.

गुळगुळीत नळीतून एकच गोळी अचूक मारता यावी हा ध्यास जुना आहे आणि त्याचा एक धागा हिंदुस्थानाशी जुळलेला आहे. जॉर्ज व्हिन्सेंट फॉस्बरी हा बंगालच्या सैन्यातील अधिकारी. १८६३ साली वायव्य सरहद्दीवरील अंबेला मोहिमेत त्याने गाजवलेल्या पराक्रमाबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे १८८५ साली त्याने एका विलक्षण बंदुकीचे पेटंट घेतले. तिची नळी सबंध गुळगुळीत, फक्त तोंडाकडच्या काही इंचांत आतून पिळाच्या खाचा. छर्रे मारले तर ते नेहमीसारखे जात आणि गोळी मारली तर शेवटच्या त्या टप्प्यात तिला पीळ मिळून ती सरळ जाई. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूककारांनी तिला ‘पॅराडॉक्स’, म्हणजे विरोधाभास, असे नाव देऊन ती बाजारात आणली. मोर आणि सांबर एकाच फेरीत मिळण्याचा संभव असलेल्या हिंदुस्थानातील शिकार्‍यांना ती विशेष पसंत पडली यात नवल नाही. दोन बंदुका बरोबर वागवण्याऐवजी एकीतच दोन कामे व्हावीत, हा लोभ तेव्हापासूनचा.

साध्या गुळगुळीत नळीसाठी गोळीचीच घडण बदलण्याचा मार्ग जर्मनीत विल्हेल्म ब्रेनेके याने १८९८ साली काढला. त्याच्या गोळीच्या शेपटाला नमद्याची चकती पक्की जोडलेली असते; ती गोळीबरोबरच जाते व मागच्या बाजूने तिला स्थिर ठेवते. अमेरिकेत कार्ल फॉस्टर याने १९३१ च्या सुमारास दुसरी युक्ती योजली. त्याच्या गोळीचे तोंड भरीव आणि मागील बाजू पोकळ असते. वजन पुढे व पोकळी मागे, अशी बॅडमिंटनच्या फुलासारखी तिची रचना. त्यामुळे ती हवेत उलटत नाही. या गोळीच्या बाजूंवर तिरप्या कडा दिसतात. त्या पाहून गोळी फिरकी घेत जाते असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तशी फिरकी नाममात्र असते. कडांचे खरे काम वेगळे आहे: नळीच्या आवळलेल्या भागातून जाताना गोळीचे मऊ शिसे दबून कमी व्हायला त्या जागा देतात. तिसरा प्रकार प्लास्टिकच्या टोपणात बसवलेल्या लहान गोळीचा. त्याला ‘सॅबो’ म्हणतात. तो पिळाच्या नळीसाठीच केलेला आहे. गुळगुळीत नळीतून तो मारल्यास पैसे वाया जातात व गोळी कोठे जाईल याचा भरवसा राहत नाही. उलट पिळाच्या नळीतून छर्रे मारले तर ते चक्राकार फाकतात आणि मधोमध निशाणच मोकळे सुटते.

नळीच्या आवळलेल्या भागाचा उल्लेख आला. छर्‍यांच्या बंदुकीत नळीच्या तोंडाशी आतील व्यास किंचित कमी केलेला असतो. त्याला ‘चोक’ म्हणतात. चोक जितका घट्ट तितके छर्रे दूरवर एकत्र राहतात. ‘फुल चोक’ मध्ये हा आवळा सुमारे एक मिलिमीटरचा असतो. छर्रे लहान आणि सुटे असल्यामुळे ते एकमेकांवर सरकून त्यातून निघून जातात; २८ ग्रॅमची एकसंध गोळी सरकून जाणार कोठे? फॉस्टर पद्धतीची आधुनिक गोळी कडांमुळे दबून बाहेर पडू शकते. तरी घट्ट चोकमधून मारल्यास तिची अचूकता बिघडते आणि नळीच्या तोंडावर अकारण ताण पडतो. म्हणून स्लगसाठी सरळ नळी, म्हणजे ‘सिलिंडर’, किंवा फार तर ‘इम्प्रूव्हड सिलिंडर’ एवढाच चोक वापरावा, असा सर्वमान्य नियम आहे. जुन्या भरीव गोल गोळ्या, किंवा कोणी घरी ओतलेल्या गोळ्या, घट्ट चोकच्या नळीत घालणे म्हणजे नळी फुटण्याला आमंत्रण. आजच्या पुष्कळ बंदुकांत चोक सुटा, आट्यांनी बसवायचा असतो. तो हाताने फिरून सैल झालेला नाही ना हे पाहिल्यावाचून बार काढू नये. आणि चोक काढून ठेवून उघड्या आट्यांवरून तर मुळीच मारू नये. गोळीच्या रेट्याने व गरम वायूने त्या आट्या खराब होतात, आणि पुढे कोणताही चोक नीट बसत नाही.

नळीच्या मागील टोकाला काडतूस बसण्याची कोठी असते. तिचीही लांबी पाहावी लागते. पूर्वीच्या पुष्कळ बंदुकांत ती ६५ मिलिमीटर असे. पुढे ७० व ७६ मिलिमीटरच्या कोठ्या आल्या. काडतुसावर छापलेली लांबी ही बार झाल्यावर उघडलेल्या टरफलाची असते. न झाडलेले काडतूस त्याहून आखूड दिसते. त्यामुळे ७० मिलिमीटरचे काडतूस ६५ च्या कोठीत बिनतक्रार बसते; परंतु बार होताना त्याचे तोंड उघडायला जागा उरत नाही, नळीचा मार्ग तेथेच अरुंद होतो आणि दाब वाढतो. काडतूस बसले म्हणजे ते चालते, हा समज बंदुकीच्या व्यवहारातील सर्वांत घातक समजांपैकी एक आहे. कोठीचे माप नळीवर कोरलेले असते. ते वाचता येत नसेल तर जाणत्या बंदूककाराकडून मोजून घ्यावे.

याच जातीचा एक अपघात वारंवार वर्णिला गेला आहे. घरात १२ आणि २० बोअरच्या दोन बंदुका आहेत. खिशात दोन्हींची काडतुसे मिसळली. वीस बोअरचे काडतूस १२ च्या नळीत टाकले तर ते कोठीतून पुढे घसरते आणि नळीत थोडे आत जाऊन अडकते. मागून पाहणार्‍याला कोठी रिकामी दिसते. तो तीत १२ बोअरचे काडतूस घालतो आणि चाप ओढतो. पुढे काय होते ते सांगायला नको. २० बोअरची टरफले पिवळ्या रंगाची करण्याची जी रूढी जगभर पडली ती याच कारणाने. तथापि रंगावर सर्वस्वी विसंबू नये. काडतुसाच्या तळाच्या पितळी टोपीवरील आकडा वाचण्याची सवय लावून घ्यावी. १८६९ साली स्थापन झालेल्या पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार झालेल्या काडतुसांच्या तळाशी ‘के. एफ.’ ही अक्षरे कित्येक मराठी घरांतून पाहिली गेली आहेत. त्या अक्षरांशेजारचा आकडाही तितक्याच आस्थेने पाहिला जावा.

आता अंतराचा प्रश्न. साडेसात नंबरचा छर्रा सुमारे २.४ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि एका औंसात तसे जवळजवळ ३५० मावतात. इतका हलका कण हवेच्या विरोधापुढे टिकत नाही. छर्‍याचा व्यास इंचात घेऊन त्याला २,२०० ने गुणले की तो जास्तीत जास्त किती यार्ड जाईल याचा ढोबळ अंदाज येतो. हा ठोकताळा फ्रेंच सेनाधिकारी जुर्ने याच्या नावाने प्रसिद्ध आहे. साडेसात नंबरला तो सुमारे २१० यार्ड, म्हणजे दोनशे मीटरच्या आत, देतो. उडत्या चकत्यांवर नेम धरण्याच्या ट्रॅप आणि स्कीट या क्रीडाप्रकारांची मैदाने याच हिशेबावर आखलेली असतात. स्पर्धेच्या नियमांनुसार काडतुसात २४ ग्रॅम छर्रे आणि त्यांचा व्यास २.६ मिलिमीटरहून अधिक नाही, अशी मर्यादा असते. पंजाबला या खेळाची मोठी परंपरा आहे. पतियाळा राजघराण्यातील रणधीरसिंग यांनी १९७८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत ट्रॅपचे सुवर्णपदक मिळवले, तर मानवजितसिंग संधू २००६ साली झाग्रेब येथे जगज्जेते झाले. पतियाळ्याच्या मोतीबाग परिसरातील नेमबाजीचे मैदान या परंपरेचे एक केंद्र.

अशा मैदानावर कोणी त्याच १२ बोअरच्या बंदुकीतून एक स्लग मारला तर? ३५० छर्‍यांचे वजन एकाच पिंडात गोळा झालेले. नळीतून निघताना वेग सेकंदाला ४९० मीटरच्या आसपास. ही गोळी शंभर मीटरच्या आतच अचूक मारता येते हे खरे, पण ती तेथे थांबत नाही. नळी वर उचललेली असेल तर ती अर्ध्या मैलापर्यंत आणि त्याहूनही पुढे जाते. म्हणून चकत्यांच्या मैदानावर स्लगला मज्जाव असतो. मैदानाची हद्द पुरी असली तरी ती छर्‍यांसाठी पुरी आहे.

मुल्लानपूरच्या एखाद्या शेतावरून अर्ध्या मैलाचे वर्तुळ काढले तर त्यात काय काय येते हे आज पाहण्यासारखे आहे. पंचवीस वर्षांपूर्वी त्या वर्तुळात शेते आणि पाणंदी होत्या. आज त्यात रस्ता असेल, बांधकामावरील मजुरांच्या झोपड्या असतील, इमारतीची गच्ची असेल. स्लगचा उपयोग करणार्‍याने निशाणाकडे पाहण्याआधी निशाणाच्या मागे पाहावे. गोळी डुकराच्या आरपार जाऊ शकते आणि हुकली तर पूर्ण जोराने पुढे जाते. उभा मका, ऊस किंवा झुडूप म्हणजे आडोसा नव्हे. तो दृष्टीला अडवतो, गोळीला नाही. मातीचा उंच बांध किंवा टेकडीची मऊ उतरण हा खरा आडोसा. ‘चो’च्या पात्रातील गोट्यांवर गोळी आपटली तर ती अनपेक्षित दिशेला उसळते, साचलेल्या पाण्यावरूनही तिरपी गोळी तशीच उसळते. मचाणावरून खाली मारणे हे सपाटीवरून समोर मारण्यापेक्षा अधिक सुरक्षित, कारण हुकलेली गोळी जमिनीत जाते. झाडीत हलले ते जनावरच, या समजुतीने कोकणातील हाक्यांत आणि इतरत्रही माणसे जायबंदी झाली आहेत. छर्‍याने कदाचित जखमेवर निभावते. स्लगने निभावत नाही.

अर्धस्वयंचलित बंदुकीत याखेरीज आणखी एक धोका असतो आणि तो यंत्राच्या गुणातूनच उद्भवतो. ठासणीची बंदूक एकदा उडाली की ती रिकामी. पुन्हा दारू ओता, गोळी घाला, गज मारा. तोवर राग शांत होतो आणि जनावरही निघून जाते. दुनळी बंदूक मोडून उघडली की दोन्ही कोठ्या डोळ्यांसमोर येतात. अर्धस्वयंचलित बंदूक मात्र बार झाल्या क्षणी टरफल बाहेर फेकून पुढचे काडतूस स्वतःच कोठीत चढवते. ठासणीच्या बंदुकीत बार हे रिकामेपणाचे लक्षण. येथे बार हे पुन्हा भरल्याचे लक्षण. धावपळीत, काळोखात, जखमी जनावराचा माग काढताना हे विसरले जाते. म्हणून एक गोळी झाडल्यानंतर बोट चापाच्या कड्याबाहेर, सेफ्टीची कळ बंद आणि नळीचे तोंड निर्धोक दिशेला, असा क्रम हाताला इतका मुरलेला असावा की त्यासाठी विचार करावा लागू नये. सेफ्टी चापाला अडवते, अपघाताला नव्हे; तिच्यावर विसंबून नळीचे तोंड कोणाकडे वळवू नये.

मॅगझिनच्या नळीत छर्‍यांची व स्लगची काडतुसे एकाआड एक भरण्याची हौस काहींना असते. ती सोडून द्यावी. कोठीत या क्षणी काय आहे हे मनुष्याला नक्की ठाऊक नसेल, तर अंतर, चोक व आडोसा यांविषयी वर केलेला सर्व विचार व्यर्थ होतो.

बार नेहमीपेक्षा दबका वाटला तर तेथेच थांबावे. दारू पुरती न पेटल्याने गोळी नळीतच अडकलेली असू शकते. अशा वेळी यंत्र बहुधा पुरते फिरत नाही, आणि माणूस सवयीने बोल्टची मूठ मागे ओढून पुढचे काडतूस चढवतो. अडकलेल्या गोळीमागे दुसरा बार झाला की नळी फाटते. चाप ओढून बारच झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट वाट पाहावी. काही काडतुसे उशिरा पेटतात.

यंत्र पुन्हा जोडण्याचा विषय समजण्यासाठी ते चालते कसे हे जाणले पाहिजे. या जातीची पहिली यशस्वी बंदूक जॉन ब्राउनिंग या अमेरिकन संशोधकाची. तिचे पेटंट १९०० सालचे. विंचेस्टर कंपनीशी त्याचे बिनसले; रेमिंग्टन कंपनीच्या अध्यक्षांची भेट ठरली, तर ब्राउनिंग बाहेर थांबला असतानाच त्या गृहस्थाचा हृदयविकाराने मृत्यू झाला. शेवटी बेल्जियममधील हर्स्टालच्या कारखान्याने ती बनवायला घेतली, आणि ‘ऑटो-५’ या नावाने ती जवळजवळ शतकभर बनत राहिली. तिच्यात बार झाला की नळी आणि बोल्ट एकत्रच मागे सरकतात. हा धक्का पेलण्यासाठी मॅगझिनच्या नळीभोवती एक जाड स्प्रिंग असते, आणि तिच्या जोडीला दोन कडी: एक पोलादी, एक काशाचे. काशाचे कडे मॅगझिनच्या नळीला घट्ट धरून घर्षणाने वेग कमी करते. अगदी ब्रेकसारखे.

साराच मुद्दा या कड्यांच्या क्रमात आहे. जड भाराच्या काडतुसांसाठी, आणि जाणकारांच्या मते स्लगसाठीही, स्प्रिंग यंत्राच्या सांगाड्याला टेकलेली, तिच्यापुढे पोलादी कडे, त्याची उतरती कड पुढे काशाच्या कड्याकडे, आणि त्यापुढे काशाचे कडे, अशी मांडणी करतात. मग काशाचे कडे दोन्ही बाजूंनी आवळले जाऊन ब्रेक पूर्ण लागतो. हलक्या छर्‍यांसाठी पोलादी कडे स्प्रिंगच्या मागे, सांगाड्याशी नेऊन ठेवतात. तेथे ते काही काम करत नाही आणि ब्रेक अर्धाच लागतो. आता कल्पना करावी: बंदूक पाखरांसाठी हलक्या मांडणीवर लावलेली होती, कोणी ती पुसून तशीच जोडली आणि स्लग भरले. बंदूक उडते, बार होतात, काही बिघडले असे वाटत नाही. पण प्रत्येक बाराला नळी जोराने मागे आदळत राहते आणि काही दिवसांनी नळीखालच्या लाकडी मुठीला चीर दिसते. चूक बार करणार्‍याची नसते, जोडणार्‍याची असते. उलटपक्षी जड मांडणीवर हलकी काडतुसे मारली तर यंत्र अर्धेच फिरते आणि टरफल अडकते. ते कंटाळवाणे आहे, पण घातक नाही.

नंतरच्या बहुतेक बंदुकांत नळी स्थिर असते. १९६३ साली आलेल्या ‘रेमिंग्टन ११००’ सारख्या बंदुकीत नळीला बारीक भोके असतात. त्यांतून थोडा वायू मॅगझिनच्या नळीभोवतालच्या दट्ट्याला मागे ढकलतो आणि यंत्र फिरते. येथेही जोडताना विसरला जाणारा एक क्षुद्र भाग आहे. तो म्हणजे रबराचे एक बारीक कडे. ते राहिले किंवा सुकून चिरले की वायू निसटतो आणि बंदूक प्रत्येक बाराला अडखळते; मालक मात्र काडतुसांना दोष देत राहतो. इटलीच्या बेनेल्ली कंपनीने प्रसिद्ध केलेल्या जडत्वाच्या पद्धतीत वायूचे भाग नाहीत; बोल्टच्या पोटातील एक आखूड स्प्रिंग व फिरणारे डोके हेच काम करतात. अशा बंदुकीचा बोल्ट हळूच हाताने पुढे नेला तर त्याचे डोके कधीकधी पुरते फिरून बसत नाही. तो मोकळा सोडून स्वतःच्या जोराने बंद होऊ द्यावा.

बंदूक उघडण्यापूर्वीचे काम नेहमी एकच: ती रिकामी करणे. काडतुसे दुसर्‍या खोलीत ठेवावीत. मॅगझिन रिकामे करावे, बोल्ट मागे ओढून कोठीतील काडतूस काढावे, मग कोठीत व मॅगझिनच्या तोंडाशी डोळ्याने पाहावे आणि बोटाने चाचपावे. पाहणे व चाचपणे दोन्ही. मॅगझिनची टोपी उघडताना नळी सांगाड्याकडे दाबून धरावी, नाहीतर स्प्रिंगच्या जोराने भाग उडतात. त्यानंतर लाकडी मूठ, नळी, कडी किंवा दट्ट्या, बोल्टची मूठ, बोल्ट व शेवटी चापाचा संच, असा सर्वसाधारण क्रम. भाग निघतील त्या क्रमाने स्वच्छ कापडावर डावीकडून उजवीकडे मांडून ठेवावेत, आणि जोडताना उजवीकडून डावीकडे यावे. कोठल्या कड्याची उतरती बाजू कोणीकडे होती हे ध्यानात राहील असे मानू नये. कागदावर खूण करावी. चापाचा संच बाहेर असताना घोडा मोकळा सोडू नये, त्याने सांधा मोडतो. त्यातील बारीक भाग सुटे करण्याचे धाडस घरी करू नये. ते बंदूककाराचे काम.

तेल थोडेच लावावे. जास्त तेलात धूळ व दारूची काजळी मुरून चिकट लगदा होतो. नळीत घातलेली चिंधी बाहेर आली की नाही हे उजेडाकडे नळी धरून पाहिलेच पाहिजे. आपल्याकडे आणखी एक कारण आहे: पावसाळाभर भिंतीला टांगून ठेवलेल्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते. चिमूटभर माती, पण स्लगपुढे ती बुचासारखी उभी राहते.

जोडणी पुरी झाल्यावर मॅगझिनची टोपी पुरती आवळलेली असावी. ती सैल राहिली तर नळी पुढेमागे हलते आणि बोल्टच्या कुलुपाची पकड अपुरी पडू शकते. नंतर खोट्या, दारूविरहित काडतुसांनी यंत्र चार-पाच वेळा हाताने फिरवून पाहावे: काडतूस चढते का, बोल्ट पूर्ण बंद होतो का, सेफ्टी लावली असता चाप अडतो का, सोडल्यावर सुटतो का. ही तपासणी खर्‍या काडतुसाने घरात कधीही करू नये. पहिला खरा बार नेमबाजीच्या योग्य मैदानावर, एकच काडतूस भरून करावा. तो ठीक झाल्यावर दोन भरून पुढचे आपोआप चढते की नाही ते पाहावे. स्लगचा नेम याच वेळी बांधून घ्यावा. छर्‍यांच्या बंदुकीला फक्त तोंडाशी एक मणी असतो. त्याने पाखरू मारता येते, पन्नास मीटरवरील डुकराच्या खांद्यामागील जागा नेमकी साधत नाही. चाळीस-पन्नास मीटरवर कागदावर तीन-तीन गोळ्या मारून त्या कोठे बसतात हे ज्याने पाहिलेले नाही, त्याने त्या गोळ्या जनावरावर झाडू नयेत. काडतुसाची जात बदलली तर ही चाचणी पुन्हा करावी लागते.

परवान्यावर बंदुकीची जात, क्रमांक आणि बाळगता येणार्‍या काडतुसांची मर्यादा नोंदलेली असते. शस्त्र नियम, २०१६ नुसार नव्या परवान्यासाठी सुरक्षिततेचे प्रशिक्षणही घ्यावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळील बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली आणि लग्नसमारंभात हर्षभराने केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. पंजाबातील वरातींत आकाशाकडे उडवलेल्या बारांनी घेतलेले बळी लक्षात घेता ही तरतूद उशिराच आली असे म्हणावे लागते. परवानगीने मारलेले जनावर शासनाची मालमत्ता असते. ते घरी नेता येत नाही, वनखात्याला कळवावे लागते. आणि परवानगीची मुदत संपली की स्लगची उरलेली काडतुसे वेगळ्या डब्यात, वर ठळक अक्षरांत नाव लिहून, कुलपात ठेवावीत, बंदूक दुसर्‍या कुलपात. छर्‍यांच्या काडतुसांत ती पुन्हा मिसळू देऊ नयेत.